रंगरावाची चौकशी

चौकशीला वामनराव जातील असं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य वामनरावांनाच वाटलं.

चौकशी म्हणजे वऱ्हाडात साधं काम नव्हे. मुलगा पाहायचा कार्यक्रम नंतर. आधी मुलाच्या गावात एक माणूस जातो. आपण कोण, कुठले, हे तो सांगत नाही. पानठेल्यावर उभा राहतो, गिरणीच्या सावलीत टेकतो आणि उन्हापाण्याच्या गोष्टींतून हळूच विचारतो, अमक्यांचा मुलगा कसा आहे हो? त्यासाठी माणसं बोलती करण्याची हातोटी लागते. वामनरावांना बसमध्ये शेजारच्याला ‘जरा सरका’ म्हणायची चोरी. सगळी नोकरी त्यांनी तेल्हाऱ्याच्या वाचनालयात काढली, आणि तिथे कोणी बोलायचं नाही अशी पाटी होती म्हणूनच ती निभली, असं त्यांना मनातून वाटायचं.

गल्लीच्या चौकशा एरवी शेजारचे नत्थुजी करायचे. पण नत्थुजी मोटरसायकलवरून पडले होते आणि प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून ओट्यावर बसले होते. तिथूनच त्यांनी सूचना दिल्या.

“वामनराव, पान खाजा. पान न खाता ठेल्यावर उभं रायलं का लोक ओळखतात.”

“मी पान खात नाही.”

“मंग मेलो!” नत्थुजी कपाळाला हात लावून म्हणाले.

ललिता, वामनरावांची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून लेकीला घेऊन भावाकडेच राहत होती. नवरा दारूनं गेला होता. लेक साधना आता शाळेत शिकवायची, आणि तिच्यासाठी अमरावतीचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा किशोर. घरचं बरं, स्वभाव शांत म्हणत होते. त्याचा फोटो साधनाला आवडला होता आणि दोनदा फोनवर बोलणंही झालं होतं. अडचण एकच होती. किशोर टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात काम करायचा, आणि त्याचं काम दारुड्याचं होतं. रंगराव नावाचा दारुडा. आठवड्यातून दोन रात्री अख्खा महाराष्ट्र त्याला झोकांड्या खाताना पाहून हसायचा. वामनरावांच्या घरात मात्र तो कार्यक्रम लागला की ललिता टीव्ही बंद करायची.

“दादा, मले बाकी काही नाही पाहिजे,” ललिता म्हणाली. “पोरगा पिते का नाही, येवढंच पाहून या. इतकं हुबेहूब कोणाले न पिता येते का?”

साधना त्यांना बसस्टँडवर सोडायला आली. बस सुटायच्या आधी खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, “मामा, लोकायचं ऐकून नका येऊ. पाहून या. मंग तुमी जे म्हणसान ते मले चालन.”

हे ऐकून वामनरावांचं उरलंसुरलं अवसानही गळालं. एका मुलीचं लग्न आपल्या शब्दावर आहे, आणि आपल्या शब्दावर तर आपला स्वतःचाही विश्वास नाही, असा विचार करत ते अकोल्याला उतरले, गाडी बदलली आणि दुपार व्हायच्या आत अमरावतीला अंबागेटपाशी पोचले.

किशोरचं घर ज्या गल्लीत होतं तिच्या तोंडाशीच पानठेला होता. ठेलेवाल्याला लोक ओमप्रकाश म्हणून हाक मारत होते. वामनराव बराच वेळ उभे राहिले. उन्हाचं काही बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“इकडे तो किशोर राहतो ना, टीव्हीवरचा... तो घेतो का हो?”

ओमप्रकाशचा चुना लावणारा हात थांबला. चेहरा फुलला.

“घेते? अजी, आंघोळ करते त्याच्यानं! परवाची गोष्ट घ्या ना. सासुरवाडीले गेला. हा अस्सा फुल्ल. घर समजून गोठ्यात घुसला अन् म्हशीच्या पाया पडला. म्हणे, सासूबाई, तुमी लय सुकल्या!”

बाकावरची दोन माणसं मांड्या बडवून हसली. वामनराव ठेल्यापासून एक पाऊल मागं सरकले. सासुरवाडी? रंगरावाचा एकच लहानसा तुकडा त्यांनी साधनाच्या मोबाइलवर पाहिला होता. त्यात तो नुसता खाटेपासून दारापर्यंत जात होता. म्हैस वगैरे काही नव्हतं.

ते गिरणीकडे वळले. तिथे दळणाचा डबा घेऊन एक बाई बसल्या होत्या. वामनरावांनी आता सरळच विचारलं, “किशोरचं लग्न झालेलं आहे का?”

“तं! बायको बिचारी गाय आहे गाय,” बाई पदरानं पीठ झटकत म्हणाल्या. “पण ही दुसरी. पयली गेली ना सोडून. ते बरी होती, चांगली लाटण्यानं मारे. हे नवी नुसतीच रडते.”

वामनरावांना गिरणीची घरघर डोक्यातून येते आहे असं वाटलं. दोन बायका, म्हैस, आणि हे स्थळ सांगणाऱ्यानं सांगितलं काय तर मुलगा शांत आहे! समोरच शिंप्याचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर ते मटकन बसले.

आत मशीनवर अब्दुल गफ्फार, गल्लीचे गफ्फारचाचा, बसले होते. त्यांच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक काढून उशीला टोचल्या आणि माठातलं पाणी आणून दिलं.

“चौकशीले आले ना, चाचा?”

वामनराव दचकले. “तुम्हाला कसं कळलं?”

“छत्री हाय, पिशवी हाय, पान खाल्लं नाही, अन् दळण नसून गिरणीवर गेले. वरून बोलता छापल्यासारखं. कोणीबी सांगन.”

“मी परतच चाललोय,” वामनराव म्हणाले. “त्याची पहिली बायको सोडून गेली आहे.”

गफ्फारचाचांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग ते हसायला लागले. इतके हसले, की मशीनचं चाक हातानं धरून थांबवावं लागलं.

“अहो चाचा, ते कार्यक्रमातली बायको! त्या बाईले दुसरीकडं काम भेटलं म्हणून ते गेली, तिच्या जागी हे नवी आणली. अन् म्हैसबी सांगतली असन तुमाले? ते मागच्या सोमवारची. किशोरचं कुठं लग्न हाय? लगन जुळते कुठं त्याचं? तुमच्याआधी भंडाऱ्याचे पाहुणे आल्ते. त्या ठेल्यावरूनच वापस गेले.”

वामनरावांना हायसं वाटलं, आणि पाठोपाठ लाज वाटली. मग एक कुतूहल जागं झालं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांनी रंगरावाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. किशोरला मात्र, गल्लीत राहूनही, कोणी पाहिलेलं दिसत नव्हतं.

भिंतीवरच्या खुंटीला एक तपकिरी कोट लटकत होता. तो त्यांना ओळखीचा वाटला.

“रंगरावाचाच,” गफ्फारचाचा म्हणाले. “उसवला म्हणून आणून टाकला. पाहा, या खांद्यात कापूस भरला हाय, त्या खांद्यात नाही. ही बाही थोडी लांब. किशोर सरळ उभा रायला तरी कोट झुकते. पिलेला कोट हाय हा, चाचा.”

“म्हणजे मुलगा पीत नाही?”

“मी कोटाचं सांगून राहिलो. पोराचं पोराले विचारा.” आणि वामनराव ‘नको, नको’ म्हणेपर्यंत गफ्फारचाचांनी समोरच्या घराकडे तोंड करून हाळी दिली, “अरे किशोर! तुये पाहुणे पायरीवर बसून रायले ना बे!”

दार उघडलं. बारीक अंगाचा, चष्मा लावलेला एक तरुण बाहेर आला. त्याच्या हातात लहान बाळाचा एकच मोजा होता. त्यानं वामनरावांकडे पाहिलं, खाली पाहिलं, मग मोज्याकडे पाहिलं.

“या जी, काकाजी,” तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

आत गेल्यावर वामनरावांनी नाव-गाव सांगून टाकलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. किशोरच्या आईनं, कौशल्याबाईंनी, पोह्यांची ताटली पुढं केली आणि त्या चहा ठेवायला गेल्या. खोलीत दोघेच उरले. किशोर खाटेच्या कडेला बसला, वामनराव खुर्चीच्या कडेला. दोघंही फरशीकडे पाहत होते. वामनरावांना आयुष्यात प्रथमच आपल्याइतका अवघडलेला माणूस भेटला होता. हाच तो, ज्याला पाहून लोक मांड्या बडवतात?

“शूटिंगला सुटी का?”

“हो जी.”

“बरं.”

“पोहे घ्या.”

स्वयंपाकघरातून कौशल्याबाईच बोलल्या. “बायका मले भाजीच्या गाडीवर विचारतात, माय, कसं सहन करता जी? काय सांगाव? तो तं वरण-भात खाते अन् झोपते!”

वामनरावांनी पोह्यांतला कांदा चावला. विचारायचं ते वाक्य जिभेवर येऊन पुन्हा आत जात होतं. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून एक लहानगी आली. किशोरच्या बहिणीची मुलगी, आचल. तिला नुकते पाय फुटले होते. एका पायात मोजा होता, दुसरा मोकळा.

दाराची चौकट सोडून तिला खाटेपर्यंत यायचं होतं. तिनं दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर उचलले, कोणी पिस्तूल रोखल्यासारखे. पाय फाकवले. खाटेच्या कडेवर नजर रोखली. एक पाऊल टाकलं. मग थांबून, जणू पुढचं पाऊल कुठं ठेवलं होतं ते आठवत, दुसरं टाकलं. तिसरं स्वतःहूनच पडलं, त्यात तिचा काही हात नव्हता. ती डुलली, हवेलाच धरलं, हवा सुटली, आणि ती धप्पकन बसली. मग फरशीकडे अशा रागानं पाहिलं, जणू चूक फरशीचीच आहे.

वामनरावांची ताटली हातात तशीच राहिली. मोबाइलवर पाहिलं होतं ते हेच. हेच हात, हाच मध्ये थांबून केलेला विचार, हाच फरशीवरचा राग.

“रंगराव!” त्यांच्या तोंडून निघालं.

किशोरनं एकदम वर बघितलं. त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. “तुमी ओळखलं? अजून कोणीच नाही ओळखलं, काकाजी. आईनंबी नाही.”

आणि मग तो बोलायला लागला. इतका वेळ गप्प असलेला माणूस बोलतो तसा, भरभर, मधलं गाळत. दारुड्याचं काम मिळालं तेव्हा तो इथल्याच एका गुत्त्यासमोर जाऊन बसायचा. तिथली माणसं पाहून तंतोतंत उचलली आणि मुंबईला करून दाखवली. कोणी हसलं नाही. दिवे लावणाऱ्यांतला एक जण तर उठून बाहेर गेला. नंतर म्हणाला, माझा बाप असाच चालायचा.

“खरं केलं का हसू नाही येत, काकाजी. घरचंच कोणी आठवते. काम जाणारच होतं. घरी आलो तं हे उभी राहायले शिकून राहिली होती. दिवसभर पाहत बसलो. हिले पडाचं नसते. हे सारा जीव लावून सरळ राहायले पाहते. पिलेल्याचंबी तसंच असते. पण हे पडली का कोणाच्या पोटात गोळा येत नाही. सगळे म्हणतात, उठ, उठ.”

आचल खरंच उठली होती. खाटेची कड पकडून ती मामाच्या गुडघ्यापाशी पोचली आणि त्यानं तिला मोजा घातला.

वामनरावांना ललिता आठवली. जेवणं व्हायच्या सुमाराला दारावर पावलं वाजली की हातातलं भांडं खाली ठेवणारी ललिता. त्यांनी ताटली खाली ठेवली.

“तुम्ही घेता का?”

“नाही,” किशोर म्हणाला. मग आचलच्या केसांवरून हात फिरवत, “पण घरी जाऊन काय सांगसान, काकाजी? रंगराव म्हणला, पीत नाही म्हणून?”

वामनराव पिशवी उचलून उठले. निघताना किशोर गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आला. ओमप्रकाश लांबूनच ओरडला, “रंगराव, सासूबाई कशा आहेत?” किशोर हसला आणि मान खाली घालून चालत राहिला. अगदी सरळ चालत होता. पण ठेल्यावरची माणसं तो आता पडेल, मग पडेल, अशी वाट पाहत होती.

परतीच्या बसमध्ये वामनराव वाक्यं जुळवत राहिले. आपण पाहून काय आलो? एक कोट आणि एक पोरगी. ललितानं विचारलं की काय म्हणायचं? आणि मुलगा खोटं बोलला असेल तर? तो नट आहे. आपण तर पुस्तकातल्या माणसांवरही विश्वास ठेवत आलो.

तेल्हाऱ्याला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. घरी लवकर पोचू नये म्हणून त्यांनी जिनिंगच्या भिंतीमागची लांबची वाट धरली. तिथे चिटपाखरू नव्हतं. मनात आचलचं चालणं घोळत होतं. तिसरं पाऊल आपोआप पडतं, ते कसं? त्यांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. छत्री काखेत मारली, हात खांद्यांपर्यंत उचलले, पाय फाकवले आणि पुढच्या कडुलिंबावर नजर रोखली. एक पाऊल. थांबून विचार. दुसरं. आणि खरंच, तिसरं आपलं आपणच पडलं! अंग पुढं गेलं, पाय मागून धावले, आणि हवेला धरत धरत ते कडुलिंबाला जाऊन मिठी मारून उभे राहिले. मनातून इतका आनंद झाला, की ते एकटेच खुदकन हसले.

मिठी सोडली तर समोर गल्लीतली तानुबाई. डोक्यावर कापसाच्या काड्यांचा, पऱ्हाटीचा भारा, आणि तोंड उघडंच.

काहीतरी करायला हवं म्हणून वामनरावांनी तिला वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत कधी मान वर करून न पाहिलेल्या बाईला! तिथंच सगळं बिघडलं. भारा सावरत तानुबाई जी निघाली, ती पळतच.

वामनराव धीर गोळा करायला थोडा वेळ वाचनालयात जाऊन बसले. तेवढा वेळ बातमीला पुरला.

घराशी आले तर ओट्यावर नत्थुजी, अंगणात तानुबाई, आणि दारात ललिता. तिच्या मागे साधना उभी होती.

“काहो वामनराव,” नत्थुजी म्हणाले, “चौकशीले गेल्ते का मुलाच्या संगतीनं बसायले?”

“दादा, तिथंच थांबा,” ललिता म्हणाली. तिचा आवाज वेगळाच होता. ती पायऱ्या उतरून जवळ आली. “तोंड उघडा. हा करा.”

“ललिता, मी...”

“हा करा म्हणते ना.”

वामनरावांनी हा केला. या बहिणीनं रोज संध्याकाळी दुसऱ्या एका माणसाला असंच दारात उभं केलं असेल, हे त्यांना त्या क्षणी कळलं. एवढी पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. तिनं नाक जवळ आणून वास घेतला. डोळे मिटले. पुन्हा घेतला.

“कांदा,” ती म्हणाली. “अन् चहा.” आणि मग एकदम रडकुंडीला येऊन, “मंग झाडाले मिठी काहून मारली?”

वामनरावांनी सांगितलं. कोट सांगितला, म्हैस सांगितली, आचल सांगितली. पण त्यांच्या सांगण्यात मोजा आधी आला आणि पोरगी नंतर, त्यामुळे कोणालाच काही उमगेना.

“मामा, करूनच दाखवा,” साधना म्हणाली.

“इथं?”

“इथंच.”

आयुष्यात ज्यांनी चार माणसांत घसा खाकरला नव्हता, त्या वामनरावांनी छत्री तुळशीला टेकवली. हात वर उचलले. पाय फाकवले. समोर उभ्या ललितावर नजर रोखली आणि निघाले. एक. विचार. दोन. तिसरं पडलं ते जरा जास्तच पडलं, आणि ते अंगणात धप्पकन बसले. खरोखरच लागलं. त्यांनी जमिनीकडे रागानं पाहिलं.

साधनाला हसू आवरेना. नत्थुजी प्लास्टरवर थापा मारायला लागले. तानुबाई ओरडली, “हेच! असेच चालत होते! मी काय खोटी बोलतो?”

“नाही बाई, तू नाही खोटी,” ललिता म्हणाली. ती हसत नव्हती. भावाला हात देऊन तिनं उठवलं, त्याच्या सदऱ्याची धूळ झटकली आणि झटकतच राहिली. “जल्मापासून पाहते तुमाले, दादा. सुपारी ठाऊक नाही तुमाले. अन् तीन पावलायवर मी तुमचं तोंड उघडायले लावलं.”

साधनानं तुळशीला टेकवलेली छत्री आणून मामाच्या हातात दिली.

“तो पीत नाही असं मी छातीठोक नाही सांगू शकत,” वामनराव चाचरत म्हणाले. “मी विचारलं. तो नाही म्हणाला. मला खरं वाटलं. माझ्या वाटण्याचं काय ते तू पाहा.”

ललिता पायरीवर बसली. साधनाकडे न पाहता तिनं हात पुढं केला. “तो तुकडा हाय ना मोबाइलवर? लाव.”

साधनानं लावला. ललितानं फोन आधी लांब धरला, चटका बसेल तसा. पडद्यावर तपकिरी कोट दिसला. रंगरावानं खाटेची कड सोडली, हात वर उचलले, दारावर नजर रोखली. एक पाऊल. थांबला. ललिताचा चेहरा ताठ झाला, आणि साधनानं श्वास धरला.

रंगराव डुलला. हवेला धरलं. आणि ललिताचा मोकळा हात आपोआप पुढं गेला, पोराला सावरायला जातो तसा.

“पडला,” ती म्हणाली. मग फोन जवळ घेत, हळूच, “थांबा. उठते आता.”

“मंग बाई, कळवाव का त्यायले?” ओट्यावरून नत्थुजींनी विचारलं.

ललितानं पडद्यावरची नजर काढली नाही. “जातानी मोजे नेऊ, पण त्या पोट्टीच्या पायाचं माप काय असन, दादा?” तिनं विचारलं.